दोन नावांची मांजरी

"त्यांना सांग, तुला कळा यायला लागल्यात," धाकटी मांजरीला म्हणाली.

मांजरी काहीच बोलली नाही. इस्त्री केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती आडवी पडली होती आणि आतून कुणी मूठ वळावी तसं तिचं पोट आवळून येत होतं. धाकटीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि आवाज चढवला. मागच्या अंगणात नळ वाहत होता. त्याच्यावरून आवाज जायला हवा होता.

"म्हटलं, त्यांना सांग! दिवस भरायला अजून आठ-दहा दिवस आहेत, आणि आत्तापासून कण्हतेयस. हातातलं टाकून या म्हणावं!"

नळ बंद झाला. थोरली कमरेच्या फडक्याला हात पुसत दारात आली. कोपरापर्यंत खळ लागलेली, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे. तिने मांजरीकडे पाहिलं. जावेकडे नाही.

"राणी, धुतल्या चादरींवर काय पडलीस? तुला खाली घ्यावं एवढं सुचलं नाही का कुणाला?"

"ठके, त्यांना सांग, खाली घ्यायला गेले तर तू बोचकारलंस," धाकटी म्हणाली आणि ओरखडलेलं मनगट पुढे केलं. तेही मांजरीपुढेच.

अशी त्या घराची बोलायची रीत होती. दोघी सख्ख्या जावा, दोघींचे नवरे गेलेले, एका छपराखाली राहत होत्या आणि एकच लाँड्री चालवत होत्या. थोरली मागे धुणं बघायची, खळ शिजवायची, नीळ द्यायची. धाकटी पुढच्या खोलीत इस्त्री करायची आणि गिऱ्हाईक सांभाळायची. कपडा थोरलीच्या हातून धाकटीच्या हातात जायचा, पण शब्द जात नसे. सासू वारली त्या वर्षापासून नाही. का म्हणून थोरलीला विचारलं, तर ती सांगे की हिने लाल मोजा पांढऱ्या धुण्यात टाकला आणि एका लग्नघरचे सगळे टेबलक्लॉथ गुलाबी झाले. धाकटीला विचारलं तर ती म्हणे, मोजा चुकून गेला हो, कुणाच्या हातून जात नाही? पण चार गिऱ्हाइकांदेखत 'हिला काय कळतंय' म्हणायची गरज होती का? दोघींचंही खरं होतं. म्हणून तर ते मिटलं नाही.

पहिल्या पहिल्यांदा निरोप दोघींच्या नवऱ्यांकडून जात. भाऊ बिचारे साधे. निम्मा निरोप वाटेत विसरायचे, आणि विसरलेला निम्मा बहुधा विसरण्याच्याच लायकीचा असायचा. मग धाकटीची लेक बोलू लागली आणि निरोप तिच्याकडे गेले. "काकू, आई म्हणते खळ जास्त झाली. आई, काकू म्हणते इस्त्रीवाल्यांनी इस्त्रीपुरतं बोलावं." लेक मोठी झाली, लग्न करून लांब गेली. पुढे भाऊ एकामागून एक गेले. थोरला गेला तेव्हा धाकटी थोरलीच्या शेजारी बसून राहिली. धाकटा गेला तेव्हा थोरली धाकटीच्या. पण शब्द नाही तो नाहीच. त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात नळ आणि इस्त्री एवढंच बोलायचं. एक धो धो, दुसरी फस्स.

मग एका हिवाळ्यात ही मांजरी आली. कोळशाच्या जुन्या इस्त्र्या जिथे माळ्याच्या फळीवर गंजत पडल्या होत्या, तिथे जाऊन खुशाल बसली. "कुठून आलीस गं ठके?" पुढून धाकटीने विचारलं. "ये गं राणी," मागून थोरली म्हणाली. त्या दिवशी घराला पुन्हा तोंड फुटलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे मांजरी बोले जावे लागे. मांजरीला दोन नावं मिळाली, दोन ताटल्या मिळाल्या, आणि दोन्ही ती चाटून लख्ख करायची. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण ज्याने काढली, त्याने ही मांजरी पाहिलेली नव्हती. आणि मांजरीशी बोलतानासुद्धा धाकटी थोरलीला 'त्यांना' म्हणायची. भांडण भांडणाच्या जागी, मान मानाच्या जागी.

आता तीच मांजरी चादरींवर पाय ताणून पडली होती. कळा येत होत्या, जात होत्या, पण बाहेर काही येत नव्हतं. थोरली तिच्याजवळ गुडघे टेकून बसली. ओला हात तिच्या पोटावर ठेवला आणि पटकन काढून घेतला.

"राणी, तिला सांग, दुकानाला कुलूप घाल म्हणावं. डॉक्टरकडे जायचं."

"ठके, त्यांना सांग, मास्तर शर्ट न्यायला यायचेत."

"राणी, तिला सांग, मास्तरांकडे आणखी एखादा शर्ट असेल."

धुण्याच्या वेताच्या टोपलीला दोन बाजूंना दोन कान होते. थोरलीचा खांदा धरलेला, धाकटीचा गुडघा. एकटीने उचलायची तर मांजरी वाटेतच पडायची. तेव्हा एक कान एकीने धरला, एक दुसरीने. थोरलीची चाल ढांगांची आणि धाकटीची तुरुतुरु. टोपली हिंदकळू लागली तशी मांजरी आतून ओरडली. थोरलीने पाऊल आखूड केलं, धाकटीने लांब टाकलं. शाळेची भिंत संपेपर्यंत दोघी एका चालीत चालायला लागल्या होत्या.

कोपऱ्यावर मास्तर भेटलेच. "हे काय, भरदिवसा दुकान बंद? माझे शर्ट?"

"मांजरी अडलीय मास्तर," दोघी एकदमच म्हणाल्या.

मास्तर बाजूला झाले. "जा, जा. शर्टाचं काय, मी आहे याच शर्टात राहीन," असं म्हणून त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि उगाचच आवाज बारीक करून म्हणाले, "सांभाळून न्या."

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. बाह्या वर सारलेल्या, केस कसेतरी बांधलेले.

"आजी, कुणाची मांजरी ही?"

"माझी," दोघी म्हणाल्या.

डॉक्टरने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मांजरीला टेबलावर घेतलं. पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या. मग विचारलं, "इतक्यात काही औषध दिलं होतं का?"

"जंताचं दिलं होतं," थोरली म्हणाली. "मागच्या आठवड्यात. दोन दोन ताटल्या खाते आणि पाठीची हाडं मोजून घ्या. म्हटलं, जंत असतील."

टोपलीच्या कानावरचा धाकटीचा हात तसाच राहिला. तिलाही ती हाडं दिसली होती. तीही औषधवाल्याकडे गेली होती. दुधात कालवून, गोड बोलून, अर्धी ताटली सांडत तिनेही ते पाजलं होतं.

"मीही दिलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "जंताचंच. त्याच आठवड्यात."

"दोघींनी? एकमेकींना विचारलं नाहीत?"

"आम्ही बोलत नाही," थोरली म्हणाली. आम्हाला साखर चालत नाही, असं कुणी सांगावं तसं.

"मग काय हिने सांगायचं होतं तुम्हाला, मला एकदा मिळालंय म्हणून?"

दोघी टेबलावरच्या मांजरीकडे बघत राहिल्या. डॉक्टरलाही आपण जरा जास्त बोललो असं वाटलं असावं. हातमोजे चढवत ती सौम्यपणे म्हणाली, "त्यानेच झालं असं मी नाही म्हणत. तिचं वयही झालंय. पण गाभण मांजरीला औषध विचारून द्यायचं असतं. बाहेर बसा तुम्ही."

बाहेर एक लाकडी बाक होता. थोरली एका टोकाला बसली, धाकटी दुसऱ्या टोकाला. मध्ये एक मांजर मावेल एवढी जागा राहिली. समोरच्या भिंतीवर घोड्याचं चित्र होतं, शरीराच्या आतलं सगळं दाखवणारं. धाकटी त्यातलं पोट शोधत बसली. घरातल्या दोन ताटल्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तिला वाटलं, थोरली आता काहीतरी बोलेल. 'हिला काय कळतंय' म्हणेल. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मनात उलट बोलायला काहीतरी मिळालं असतं. पण थोरली आपल्या हातावरची वाळलेली खळ नखाने काढत होती, आणि हात स्वच्छ झाला तरी काढतच राहिली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरच्या हातात रुमालाची गुंडाळी होती.

"तीन होती. दोन पोटातच गेलेली. हे एक जिवंत आहे, म्हणजे आत्ता तरी आहे. आईच्या अंगात त्राण नाही, तिला सलाईनवर इथेच ठेवते. हे तुम्ही न्या. ऊब देत बसायला माझ्याकडे माणूस नाही. दोन दिवस तगवलंत आणि तोवर तिला दूध आलं, तर तिच्याजवळ देऊ."

गुंडाळीत बोटभर जीव होता. अंगावर धड लव नाही, कान डोक्याला चिकटलेले, आणि चेहऱ्याच्या मानाने तोंड फारच मोठं. ते उघडत होतं, पण आवाज येत नव्हता.

"आधी गरम करायचं, मग पाजायचं. गार पिल्लाला पाजायचं नाही. दर दोन तासांनी थोडे थेंब, ड्रॉपरने. आणि हे लक्षात ठेवा," डॉक्टरने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं, "पोट एवढंसं आहे. एकीने पाजल्यावर दुसरीने पुन्हा पाजलं, तर दूध छातीत जाऊन पिल्लू दगावेल. कुणी पाजलं, केव्हा पाजलं, ते दुसरीला सांगायचं. तोंडाने."

परतताना औषधवाल्याकडे ड्रॉपर आणि पिल्लांच्या दुधाची पूड घेतली. औषधवाला खुलला. "अरे वा, बाळंतपण का? कोण व्याली? राणी की ठकी?"

दोघी काउंटरपुढे उभ्या. थोरलीच्या छातीशी रुमाल, धाकटीच्या हातात रिकामी टोपली.

"एकच आहे," धाकटी म्हणाली.

"एकच कशी? औषध नेलंत ते तुम्ही ठकीला नेलंत, आणि यांनी..." औषधवाल्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. त्याने पूड कागदात गुंडाळली आणि दोरा नेहमीपेक्षा जास्त वेळ बांधत राहिला.

घरी आल्यावर दोघींना कळलं की आता घरात मांजरी नाही.

कामं वाटून घ्यावी लागली नाहीत. थोरली मागच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर बसली आणि पिल्लू पोलक्याच्या आत, उराशी धरलं. धाकटीने फ्लॅनेलचे तुकडे काढले, एकेक इस्त्रीखाली धरला, आपल्या गालाला लावून पाहिला आणि फार गरम नाही अशी खात्री झाल्यावर आत नेऊन दिला. गार झालेला परत आणला, पुन्हा इस्त्रीखाली धरला. असे तुकडे आत-बाहेर होत राहिले. पुढे गिऱ्हाइकं दार वाजवून गेली.

पहिल्यांदा थोरलीने पाजलं. पाजून झाल्यावर ती उठून पुढच्या खोलीत आली आणि सवयीने चादरींच्या गठ्ठ्याकडे वळली. तिथे चादरीवर एक डाग होता, बाकी कुणी नव्हतं. थोरलीचं तोंड उघडलं, मिटलं.

"पाजलं," ती इस्त्रीला म्हणाली.

"बरं," धाकटी हातातल्या कॉलरला म्हणाली.

पुढच्या खेपेला धाकटीची पाळी होती. ती म्हणाली, "पाजलं. चार थेंब गेले. एक ओघळला." आणि हे ती थोरलीच्या हातांकडे बघून म्हणाली. दिवे लागेपर्यंत दोघींच्या नजरा हातांवरून खांद्यापर्यंत पोचल्या होत्या. सकाळी मात्र थोरली पिल्लू घेऊन धाकटीच्या खाटेपाशी आली, तेव्हा तिचा चेहरा कधी नव्हे इतका समोर होता. डोळ्यांखाली जागरणाचे काळे पट्टे, आणि त्यांच्यावर डोळे लुकलुकत होते.

"शी केली," ती म्हणाली.

"केली? कसली?"

"पिवळी."

"पिवळी म्हणजे चांगली हो!"

"चांगलीच. मऊ आहे."

इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं, आणि सुरुवात झाली ती पिल्लाच्या शीपासून. धाकटीला एकदम हसू आलं. ते लपवायला तिने पदर लावावा तसा उशीचा अभ्रा तोंडाला लावला. थोरलीने ते पाहिलं, पण चिडली नाही.

"हे तोंड बघ कसं करतं," ती बाकावर बसत म्हणाली. "तुझी लेक अशीच करायची, पेपरमिंट देईपर्यंत."

"कसलं पेपरमिंट?"

"निरोप सांगून झाला की शेवटी म्हणायची, आई म्हणते मला एक पेपरमिंट दे."

"मी? मी कधी असं म्हटलं?"

"नाही म्हटलंस ते ठाऊक होतं मला."

"आणि तरी द्यायचात?"

"निरोप आणून द्यायची ना," थोरली म्हणाली. "उन्हातून यायची बिचारी."

पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत यायला ऊन कुठे लागत होतं, असं धाकटीच्या मनात आलं. फार पूर्वी, या घरात नवी होती तेव्हा, ती थोरलीला एका नावाने हाक मारायची. ते नाव सकाळपासून दोनदा ओठांशी येऊन परत गेलं होतं. आता तोंड उघडून नुसतं "ऐकलंत का" म्हटलं की काम भागत होतं, तर ती तेवढंच म्हणत होती.

"ऐकलंत का, फडकं गार झालं असेल. द्या इकडे."

दुपारी डॉक्टरचा फोन आला. मांजरी उठून बसली होती. थोडं खाल्लंही होतं. धाकटी फोन ठेवून जवळजवळ धावतच मागे गेली. गुडघ्याची आठवण तिला आत पोचल्यावर झाली.

"दूध आलंय म्हणे तिला! उद्या सकाळी पिल्लू घेऊन या म्हणाली."

"ऐकलंस का रे?" थोरलीने मान खाली घालून पोलक्याच्या आत सांगितलं. "उद्या आईकडे जायचंय. आजचा दिवस काढ."

मग वर न बघता म्हणाली, "मघापासून जरा गप्प आहे."

"झोपलं असेल. पोट भरल्यावर झोपायचंच."

"हो. झोपलं असेल."

पुढे मास्तरांचे शर्ट कालपासून पडून होते. धाकटीने ते पुढ्यात ओढले. कॉलर, मग खांदा, मग बाही. हात आपले आपण चालत होते आणि मन उद्याच्या वाटेवर होतं. टोपलीत खाली फ्लॅनेल घालायचं, वर रुमाल. मांजरी ओळखेल का पिल्लाला? माणसाचा वास लागला की आई जवळ घेत नाही म्हणतात. पण ही मांजरी तर दोन माणसांच्या वासातच राहिलेली. घेईल. शेवटच्या शर्टाची घडी घालून तिने घड्याळ पाहिलं. पाजायची वेळ झाली होती. तिने दूध कोमट केलं, ड्रॉपर उकळत्या पाण्यातून काढला, भरला, एक थेंब मनगटावर टाकून पाहिला आणि आत गेली.

थोरली खिडकीशी बसली होती. बाहेरच्या दोरीवरच्या चादरी हलत होत्या आणि त्यांची सावली तिच्या अंगावरून जात-येत होती. पिल्लू तिने पोलक्याबाहेर काढून ओंजळीत घेतलं होतं. फ्लॅनेलच्या कडेबाहेर त्याचा मागचा पाय आला होता. हाच पाय सकाळी पाजताना धाकटीच्या बोटाला रेटत होता. आता तो पाकळी पडावी तसा पडला होता. तोंड जरासं उघडं होतं आणि मिटत नव्हतं.

थोरलीने वर पाहिलं नाही.

"आत्ताच पाजलंय मी," ती म्हणाली.

धाकटीने हातातल्या ड्रॉपरकडे पाहिलं. घरात तो एकच होता.

दोरीवरची चादर वाऱ्याने फुगली आणि खाली बसली. धाकटी उभी राहिली. काय बोलावं ते तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्याआधीच ओठांशी येऊन थांबलं होतं.

"बरं केलंत, ताई," ती म्हणाली.

थोरली दचकली नाही. ओंजळ न हलवता ती बाकावर थोडी सरकली, आणि जागा झाली तिथे धाकटी बसली. ड्रॉपर तिने मांडीवर आडवा ठेवला. त्यातलं दूध निवत गेलं, तरी दोघी बसून होत्या.

थोरली म्हणाली, "फडकं गार झालंय गं."

"आणते, ताई."

धाकटी पुढे आली. इस्त्री लावली. फ्लॅनेलचे तुकडे तिथेच होते, पण ते तिने घेतले नाहीत. कपाट उघडून तिने एक पांढरा हातरुमाल काढला, तलम, कधीच न वापरलेला. त्यावर पाणी शिंपडलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, किनारीची टीप धरून, एकही सुरकुती राहणार नाही असा तिने तो सावकाश दाबत नेला. उलटा करून पुन्हा एकदा. मग त्याची चौपदरी घडी घातली, गालाला लावून पाहिली, आणि ऊब जायच्या आत ती आत घेऊन गेली.